तीस मीटरचा हिशेब

स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचा, पहिला कोर्स झाला की जे कार्ड मिळतं त्यावर १८ मीटर खोलीची परवानगी असते. पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला की ३० मीटर, आणि त्यावर डीप डायव्हरची स्पेशालिटी केली की ४०. हौसेखातर पाण्यात उतरणाऱ्यांची हद्द तिथे संपते. त्याच्या खाली टेक्निकल डायव्हिंग. त्याची सिलिंडरं वेगळी, वायू वेगळे, खर्च वेगळा आणि माणसंही जरा वेगळीच. मी १८ वरून ३० वर आणि मग ४० पर्यंत कसा गेलो, त्याची ही हकिकत.

राहतो भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या एका गावात. धंदा मोटर रिवाइंडिंगचा. विहिरीवरच्या मोनोब्लॉक, बोअरमधल्या सबमर्सिबल, सगळ्या जळून माझ्याकडेच येतात. रोवणीच्या आणि उन्हाळी धानाच्या दिवसांत जेवायची फुरसत नसते. धान चुरून झालं की मात्र दुकान शांत होतं. समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर, पण पाणी म्हणाल तर चहूकडे आहे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, विहिरी, आणि वैनगंगा. पोहायला आम्ही विहिरीतच शिकलो, कमरेला सुकलेला भोपळा बांधून. कोण किती वेळ बुडी मारून राहतो, तळाची माती कोण मुठीत घेऊन येतो, यावर पोरांची पत ठरायची.

साळा पोर्ट ब्लेअरला नोकरीला आहे. त्या शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं, पण घरात आम्ही जुनंच म्हणतो. त्याच्याकडे गेलो असताना हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पहिला कोर्स केला होता. पुढच्या खेपेला तिथल्या लोकांबरोबर बोटीने बाहेर गेलो तेव्हा डिक्सन्स पिनॅकल नावाच्या जागी मला डुंगीतच बसावं लागलं. तिथे खडकाचं डोकंच १८ मीटरच्या आसपास आहे. बघण्यासारखं सगळं त्याच्या खाली. बाकीचे उतरले, मी वर बसून त्यांचे बुडबुडे बघत आणि बोटवाल्याशी मोटरच्या गोष्टी करत राहिलो. त्याच दिवशी पुढच्या कोर्सची चौकशी केली.

बायको म्हणाली, "अवो, पैसे देऊन खाली जाता, त वर यायचे वेगळे घेतात का?" प्रश्न गमतीचा होता. पण पुढे कळलं की कोर्सची बहुतेक फी वर यायचं शिकण्यासाठीच असते.

सुरुवात झाली तब्येतीच्या फॉर्मने. त्यात वय ४५ च्या पुढे आहे का, रक्तदाब आहे का, दमा होता का, कानाचं ऑपरेशन झालं का, असे प्रश्न असतात. एखाद्या जोखमीच्या ठिकाणी 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते. माझं वय पंचेचाळीसच्या पुढे आणि बीपीची गोळी सुरू, त्यामुळे सही चुकणार नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी फॉर्म उलटापालटा करून पाहिला, मग मला पाहिलं. "समुद्रात जाचं हाय? पवनीहून?" मग मात्र माणूस नेटाने कामाला लागला. कान तपासले, छातीचा फोटो काढायला लावला, फुंकर मारायची फुप्फुसाची चाचणी करायला भंडाऱ्याला पाठवलं, ईसीजी काढला. आणि फॉर्मवर कुठेही नसलेला प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आमच्या पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांत आहे. लाल पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. असा माणूस खोल पाण्यात जाणार असेल तर आधी तज्ज्ञाला विचारलेलं बरं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह होता. तरी विदर्भातून कुणी या वाटेला जाणार असेल तर फॉर्ममध्ये नाही म्हणून हा प्रश्न सोडू नये. सही करताना डॉक्टरांनी एक अट घातली, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. तो सोडणं हा सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग होता, इतकंच सांगतो.

पुस्तकी भाग मोबाइलवर असतो. धडे वाचायचे, प्रश्न सोडवायचे. शेतीच्या फीडरला थ्री-फेज रात्रीची असली की मोटर सुरू करून बांधावर बसून राहावं लागतं. त्या वेळात मी तो अभ्यास केला. आणि इथे धंदा कामी आला. पाण्याचा दहा मीटरचा उभा स्तंभ म्हणजे एक किलोचा दाब, हे पंपवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही त्याला हेड म्हणतो. तीस मीटर हेड म्हणजे गेजवर तीन किलो. डायव्हिंगमध्ये त्यात हवेचा एक मिळवायचा, म्हणून ३० मीटरवर चार. हा वरचा एक कुठून आला, याचं उत्तरही विहिरीवरच आहे. वर ठेवलेला पंप सात-आठ मीटरपेक्षा खालचं पाणी ओढत नाही, कारण पाण्याला वर ढकलणारा दाब असतो हवेचा, आणि तो असतो तेवढा एकच. म्हणून पंप विहिरीत खाली उतरवतात. हे काम मी वीस-पंचवीस वर्षं करतोय, पण तोच एक आपल्या छातीवर सतत असतो याचा विचार कधी केला नव्हता.

चारपट दाब म्हटल्यावर लोकांना वाटतं, छाती दबत असेल. तसं होत नाही. रेग्युलेटर भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात देतो, त्यामुळे फुप्फुस नेहमीसारखंच भरतं. मात्र त्या प्रत्येक श्वासात चारपट हवा असते. पृष्ठभागावर तासभर पुरणारं सिलिंडर तीस मीटरवर पाव तास पुरेल. आणि हवा चारपट म्हणजे तिच्यातला नायट्रोजनही चारपट. तो रक्तात, चरबीत, सांध्यांत मुरत जातो. सावकाश वर आलात तर श्वासावाटे निघून जातो. घाईने आलात तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात आणि मग सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. १९०८ साली हाल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नौदलासाठी याचे तक्ते केले ते बकऱ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून. बुडबुड्याने पाय दुखायला लागला की बकरी तो पाय उचलून धरते, त्यामुळे दुखणं बाहेरून दिसायचं. ही गोष्ट मी गावात सांगितली तेव्हा बाकी सगळं विसरून लोकांनी एवढंच विचारलं, "मग त्या बकऱ्यांचं पुढं का झालं?"

आज तक्त्याचं काम मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो, पण कोर्समध्ये तक्ता पाठ नसला तरी समजलेला असावा लागतो. १८ मीटरवर ५६ मिनिटं थांबता येतं, ३० मीटरवर २०, ४० मीटरवर ९. दिवसाच्या पहिल्या डाइव्हचे हे आकडे. त्याच्या आत निघालं तर थेट वर येता येतं. ते ओलांडलं की मध्येच ठरावीक खोलीवर ठरावीक वेळ थांबणं सक्तीचं होतं, आणि हौशी डायव्हरने त्या सक्तीत पडायचंच नसतं. हे आकडे वहीत उतरवताना माझ्या लक्षात आलं की खोली दुपटीहून थोडी वाढली तर वेळ सहापटीने आटतो.

दिवाळीनंतर नागपूरहून विमानाने आधी चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर, तिथून जहाजाने हॅवलॉक. ॲडव्हान्स्डमध्ये पाच डाइव्ह असतात. त्यातली डीप आणि दिशाज्ञानाची अशा दोन सक्तीच्या, बाकी आपल्या आवडीच्या. आमचे सर मालवणचे निघाले, त्यामुळे सगळा कोर्स मराठीत झाला, म्हणजे त्यांच्या मालवणीत आणि माझ्या झाडीबोलीत. बरोबर पुण्याची एक सॉफ्टवेअरमधली मुलगी होती, पाण्यातली माझी बडी, म्हणजे जोडीदार. मी तिला ताई म्हणायचो, ती मला दादा. एका शिक्षकामागे आम्ही दोघंच. डीपचं शिक्षण मोठ्या घोळक्यात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. चार पैसे जास्त द्यावेत.

सरांनी पहिल्याच दिवशी माझी सवय पकडली. मी श्वास घेऊन धरून ठेवायचो, मग सोडायचो. विहिरीतलं लहानपण, दुसरं काय. स्कूबात मात्र पहिला नियमच हा की श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना रोखलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. एवढं मला आधीच्या कोर्सपासून ठाऊक होतं, वर येताना मी ते पाळायचोही. पण खाली एका जागी असताना हवा वाचावी म्हणून मध्ये थोडं थांबायचं, यात मला हुशारी वाटत होती. सरांनी समजावलं की त्याने हवा वाचत नाही. अंगात कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं, मग धाप लागून दुप्पट हवा जाते. शिवाय खोलवर जी नायट्रोजनची गुंगी येते, ती कार्बन डायऑक्साइडने आणखी वाढते. "सावकाश घे, सावकाश सोड, पण चालू ठेव," ते म्हणायचे. "दर्यो खंय पळान जाणा नाय." ज्या गुणावर गावात नाव कमावलं तोच इथे पुसून टाकावा लागला. याला बराच वेळ गेला. संध्याकाळी खोलीवर पंख्याखाली पडून मी नुसता मोजून श्वास घेत असे, चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर.

हवेचा हिशेब हा या सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा, आणि मला विचाराल तर कोर्सच्या पुस्तकात तो फार घाईने उरकलेला आहे. सरांनी तो वाळूत काडीने मांडून दाखवला. सिलिंडरची पोकळी साधारण ११ लिटर, त्यात २०० बारने (एक बार म्हणजे साधारण आमचा एक किलो दाब) भरलेली हवा, म्हणजे २२०० लिटर. माझ्यासारखा माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो. ३० मीटरवर चारपट, म्हणजे ८०. भागाकार केला तर सत्तावीस मिनिटं. त्यातले ५० बार शिल्लक ठेवून बोटीवर यायचं ही नेहमीची शिकवण. तेवढ्यावर थांबलो असतो तर वीस मिनिटं मिळाली असती, तक्त्याच्या वीस मिनिटांशी अगदी जुळणारी.

पण सरांनी विचारलं, "खाली असताना हिची हवा संपली तर?" मग पुन्हा हिशेब. दोघं एकाच सिलिंडरवर, दोघं घाबरलेले, म्हणून माणशी ३० लिटर, मिळून ६०. रेग्युलेटर देण्याघेण्यात एक मिनिट ३० मीटरवरच गेलं तर २४० लिटर. मिनिटाला नऊ मीटरच्या गतीने ५ मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, वाटेतला सरासरी दाब पावणेतीन पट, म्हणजे आणखी ५०० च्या आसपास. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, दीडपट दाबाने २७०. बेरीज हजारावर जाते. ११ ने भागलं की ९० बारच्या थोडं वर. म्हणजे ३० मीटरवर गेजचा काटा ५० वर येईपर्यंत थांबलेला माणूस स्वतःपुरता कसाबसा वर येईल, बडीला आणू शकणार नाही. आमच्यासाठी आकडा ठरला, शंभर. शंभरवर काटा आला की, समोर देवमासा असला तरी, अंगठा वर, म्हणजे 'चला वर' ही खूण. आणि शंभर बार खाली वापरायचे तर माझ्या श्वासाने चौदा-पंधरा मिनिटांच्या आतच खेळ संपतो. तक्त्याची वीस मिनिटं माझ्या वाट्याला येणारच नव्हती.

त्या वाळूतल्या हिशेबापुढे प्रत्यक्ष खोल जाणं सोपं होतं असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. बोटीच्या नांगरदोराला धरून उतरलो. कानांचा त्रास असतो तो वरच्या दहा मीटरमध्येच, कारण तिथे दाब दुप्पट होतो. पुढे तीसवरून चाळीसवर जाताना तो चाराचा पाच होतो, कानाला फार कळत नाही. सरांनी झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली बरोबर घेतली होती. दहा मीटरवर ती पार आत गेली, नंतर आणखी चपटत गेली, पण सगळा तमाशा वरच्या भागातच झाला. अंगातला तीन मिलिमीटरचा वेटसूटही असाच दबतो, त्यामुळे तरंगण्याची ताकद कमी होते आणि माणूस आपोआप खाली खेचला जातो. जॅकेटमध्ये थोडी थोडी हवा भरत राहायचं. तीच हवा वर येताना फुगते, म्हणून ती सोडत यायचं. नवखे लोक पहिलं लक्षात ठेवतात आणि दुसरं विसरतात, असं सर सांगत.

आईने निघताना मनगटाला लाल धागा बांधला होता. पाण्यात रंगांपैकी लाल सर्वांत आधी जातो, हे वाचलं होतं. पंचविसाच्या खाली तो धागा काळपट तपकिरी दिसत होता. टॉर्च मारला की भडक लाल, टॉर्च फिरवला की पुन्हा मातकट. मी दोन-तीनदा तेच करत राहिलो तेव्हा सरांनी माझ्या डोळ्यांपुढे हात हलवला आणि गेजकडे बोट केलं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, गुंगीची सुरुवात तिथेच झाली असावी.

गुंगीची परीक्षा ठरलेली असते. एका पाटीवर आकडे विस्कळीत लिहिलेले, ते क्रमाने बोटाने दाखवत जायचे. बोटीवर हे आधी करून घेतलं होतं, वेळ लिहून ठेवली होती. ३० मीटरवर गुडघ्यांवर बसून पुन्हा तेच. मला वाटलं, वरच्यापेक्षा झपाट्याने केलं. वर आल्यावर सरांनी घड्याळ दाखवलं तर दुपटीहून जास्त वेळ लागला होता. मध्ये एका आकड्यावर मी बोट ठेवून नुसता बसलो होतो, आणि तो क्षण मला आठवतही नाही. गावात हे सांगितलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, "मोहाच्या पहिल्या धारेसारखं का?" बरचसं तसंच, फरक एवढाच की पाच-दहा मीटर वर आलात की क्षणात उतरते आणि मागे डोकेदुखी राहत नाही. नायट्रोजन दाबाखाली मेंदूवर असं का करतो, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. तो चेतापेशींच्या स्निग्ध आवरणात मुरतो, असं समजतात. सवयीने ही गुंगी जात नाही, धीट माणसालाही सोडत नाही.

ताईची गुंगी वेगळी होती. दुसऱ्या एका खोल डाइव्हला आम्ही उतारावर होतो. सरांनी बोटांनी विचारलं, ठीक? तिने ठीक केलं. सरांनी विचारलं, हवा किती? तिने पुन्हा ठीक केलं. पुन्हा विचारलं, पुन्हा ठीक, अगदी आनंदाने. डोळे गेजवरच होते, पण गेज वाचला जात नव्हता. सरांनी शांतपणे तिच्या जॅकेटचा पट्टा धरला, मला खूण केली आणि आम्ही तिघं काही मीटर वर सरकलो. तिथे तिने एकदम गेज वर धरून नीट आकडा दाखवला. बोटीवर तिला विचारलं तर म्हणाली, "दादा, मी पहिल्यांदाच सांगितलं होतं की आकडा." खरंच तिला तसं वाटत होतं. घाबरलेला माणूस ओळखू येतो, पण मजेत असलेला माणूस ओळखायला बडी लागतो.

४० मीटरपर्यंतच्या स्पेशालिटीला मी पुढच्या हिवाळ्यात गेलो. त्यात चार डाइव्ह. दोराला ५ मीटरवर एक जादा सिलिंडर रेग्युलेटरसह टांगून ठेवलेलं असतं, वर येणाऱ्याची हवा कमी पडली तर थांब्यासाठी. खरं सांगायचं तर चाळिसाजवळची ती डाइव्ह मला आवडली नाही. दाब पाचपट, हवा मिनिटाला शंभर लिटर, तक्त्यावर ९ मिनिटं, त्यातला मोठा भाग उतरण्यातच जातो. निळं सगळं गडद झालेलं, प्रवाळ विरळ. गेज बघ, घड्याळ बघ, सरांकडे बघ, गेज बघ, की चला वर. कुणी विचारलं तर मी सांगतो, स्पेशालिटी जरूर करा, कारण तिच्यात ३० मीटर नीट समजतं. पण पोहायचं ते २५ ते ३० मध्येच. डिक्सनच्या खडकाभोवती मी आता फिरलोय. माशांचे थवे, एवढाले ग्रुपर, मऊ प्रवाळ, सगळं तेवढ्यातच भेटलं.

वर येणं इतकं सावकाश की पहिल्यांदा कंटाळा येतो. आपल्या सर्वांत बारीक बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, असा जुना अंदाज आहे. आता कॉम्प्युटर गती दाखवतो, जास्त झाली की ओरडतो. ३० मीटर किंवा जास्त खोल गेलेल्याला ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा आमच्या कोर्सच्या नियमात सक्तीचा. तिथे दोराला धरून लोंबकळायचं. काही बिघडलंच तर उपचाराची दाबाची टाकी पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या आयएनएचएस धन्वंतरी रुग्णालयात, म्हणजे आधी बोट, मग जहाज. ते अंतर मनात असलं की तीन मिनिटं जास्त वाटत नाहीत. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायलाही वाट पाहावी लागते, कारण केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक झाल्या असतील तर १८. मी सरळ एक दिवस सोडतो. साळ्याच्या घरी झोपून काढला. "भाऊजी, इतक्या लांब येऊन झोपता?" असं तो म्हणत राहिला.

गावात परतल्यावर बातमी माझ्या आधी पोहोचली होती, आणि जरा वेगळ्या रूपात. आमच्या खालच्या अंगाला गोसेखुर्द धरण आहे. त्याच्या बुडीत पाण्यात दरवर्षी कुणी ना कुणी जातं. गणपतीत, मासे धरताना, कधी नाव उलटून. तेव्हा मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले काही जण श्वास रोखून उतरतात आणि प्रेत काढतात. त्यांच्याइतकी हिंमत मी कुठे पाहिली नाही. आता लोकांचं म्हणणं पडलं की आपल्या गावात मशीनवाला पाणबुडा झाला. ग्रामपंचायतीत कुणीतरी माझं नाव मोबाइल नंबरसकट आपत्तीच्या यादीत घालायलाही निघालं होतं. ते मी थांबवलं. याचं कारण सांगताना पाऊण तास गेला, आणि मला वाटतं सगळ्यांना पटलं नाही.

कारण असं की हे कार्ड हौशीचं आहे. त्यात स्वच्छ पाणी, दिवसाचा उजेड, जवळ बडी, डोक्यावर मोकळा पृष्ठभाग आणि वाटेल तेव्हा वर येण्याची मुभा, हे सगळं धरलेलं आहे. धरणाच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. खाली बुडालेली झाडं, घरांच्या भिंती, तुटलेली जाळी. शोधकामाचं शिक्षण वेगळं असतं. त्यात दोरावर वरचा माणूस ताबा ठेवतो, तोंडभर मास्क असतो, बोलण्याची सोय असते. आणि गेटजवळ तर कुणीच जाऊ नये. हे मी पंपवाला म्हणून सांगितलं. पंपाच्या पाइपाच्या खालच्या तोंडाला असलेल्या फूट व्हॉल्व्हला चिकटलेला पालापाचोळा मोटर चालू असताना ओढून काढून पाहा. गेटच्या दोन बाजूंच्या पाण्यात पाच मीटरचा फरक असला आणि एक मीटर लांबीरुंदीचं तोंड उघडं असलं तर तिथे पाच टनांची ओढ असते. सिलिंडर असलं काय नि नसलं काय.

ढिवरांतले एक म्हातारे काका सगळं ऐकून घेत होते. उभं आयुष्य याच नदीवर गेलेला माणूस. ते म्हणाले, "बरोबर बोलते तो. गेटापाशी आमी बी नाई जात." मग जरा थांबून, "पन मंग तू शिकलास तरी कायले, बाप्पा?"

"मासे पाहाले, काका."

त्यांनी मोबाइल मागितला. सरांनी काढलेला ग्रुपरचा व्हिडिओ मी लावून दिला. खडकाच्या कपारीत पोत्याएवढा मासा, तोंड उघडं टाकून स्वस्थ बसलेला, दोन लहान मासे त्याचे कल्ले साफ करतायत. काकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. पोरं गोळा झाली.

"ह्यो किती किलोचा असंल?"

"वीसच्या वर."

"आन तू एवढ्या जवळ जाऊन नुसता पाहत रायला?"

"तिथे धरायला बंदी आहे."

"बंदी नसती तरी तुले कुठं जमलं असतं," काका म्हणाले, आणि मोबाइल पोरांकडे दिला.